फटफटीचा आवाज व तिची तपासणी

मोटार-सायकल हें वाहन आपल्या मुलखांत आलें तेव्हां लोकांनीं त्यास ‘फटफटी’ हें नांव दिलें. आकार, रंग किंवा वेग यांवरून नव्हे, तर केवळ आवाजावरून तिचें बारसें झालें. हें नांव खोटें ठरावें म्हणून यंत्रशास्त्रज्ञांनीं पुढें पुष्कळ श्रम घेतले व त्यांस यशही आलें. आज कारखान्यांतून निघालेली नवी गाडी जवळून गेली तरी रस्त्यावर बोलत उभ्या असलेल्या दोघांस आपलें बोलणें थांबवावें लागत नाहीं. असें असतां, साताऱ्यास पोवई नाक्यावर किंवा सांगलीस विश्रामबाग चौकांत सायंकाळीं घटकाभर उभें राहिलें कीं, तें जुनें नांव पुनः सार्थ करणारी एखादी तरी गाडी कानठळ्या बसवीत निघून जाते.

हा गोंगाट बहुधा यंत्राच्या दोषामुळें होत नाहीं. तो पैसे मोजून विकत घेतलेला असतो. त्यास मनाई करणारा कायदाही आहे. उणीव आहे ती तपासणीची. आपल्याकडे गाडीचा धूर नियमानें मोजला जातो, पण तिचा आवाज कोणी मोजीत नाहीं. तो मोजला गेला पाहिजे, आणि तशी व्यवस्था होईपर्यंत घरांतील वडील माणसांनीं त्यावर लक्ष ठेविलें पाहिजे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें क्रमानें मांडतों.

प्रथम हा आवाज कोठून येतो तें पाहूं. इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोलचा भडका होऊन गेल्यावर जो तप्त वायु उरतो तो मोठ्या दाबाखालीं असतो. झडप उघडतांच तो एकदम बाहेर झेपावतो व प्रत्येक झेपेबरोबर एक बार ऐकूं येतो. सायलेन्सरच्या पोटांत पडदे, भोंकें पाडलेल्या नळ्या व लहानमोठे कप्पे असतात. त्यांतून वाट काढतांना वायु प्रसरण पावतो, थंड होतो, व ध्वनीच्या लहरी परतून परस्परांवर आदळल्यामुळें क्षीण होतात. हे पडदे काढून टाकले, किंवा मूळ सायलेन्सर उतरवून ‘इंदौरी’, ‘पंजाबी’ अशा नांवांनीं बाजारांत मिळणारी मोकळी नळी बसविली, म्हणजे ही सारी योजना वायां जाते. कांहीं तरुण तर धांवत्या गाडीची कळ क्षणभर बंद करून पुनः चालू करितात. त्या अवकाशांत न जळलेलें पेट्रोल तापलेल्या नळींत पेट घेतें व फटाका वाजल्यासारखा आवाज होतो. शिवाय, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमांप्रमाणें बनलेल्या गाड्यांत विषारी वायूंचें शोधन करणारें पात्र बहुधा याच नळीच्या मार्गांत बसविलेलें असतें. सर्व नळीच बदलली तर तेंही जातें. म्हणजे आवाजाबरोबर विषही वाढतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. मोटार-सायकलीच्या आवाजाची मर्यादा इंजिनाच्या आकारमानावर ठरविली आहे. ८० घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाडीस ७५ डेसिबल, त्यापुढें १७५ पर्यंत ७७ डेसिबल, व त्याहून मोठ्या गाडीस ८० डेसिबल. गाडी वेग वाढवीत जात असतां ७.५ मीटर अंतरावर ठेविलेल्या यंत्रानें हें मोजमाप करावयाचें असतें. डेसिबलचें गणित साध्या बेरजेचें नाहीं, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. ३ डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, व १० डेसिबल वाढले कीं दसपट. म्हणून ८० च्या जागीं ९० हा आंकडा कागदावर थोडासा मोठा दिसला तरी एक गाडी दहा गाड्यांइतकी ध्वनिशक्ति रस्त्यावर ओतीत असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमाप्रमाणें गाडी या मर्यादेंत बसेल अशी बांधावी, इतकेंच नव्हे तर तशी राखावी असेंही बंधन आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं सुधारणा झाली. तेव्हांपासून सायलेन्सर टाळून वायु सोडणाऱ्या चालकास पहिल्या वेळीं १,००० व पुढें २,००० रुपये दंड सांगितला आहे. आवाज व धूर यांविषयींचीं मानकें मोडून गाडी चालविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कायदा दुबळा आहे असें यावरून कोणी म्हणणार नाहीं.

मग उणीव कोठें राहिली? ती अशी. आवाजाची कसोटी गाडीच्या नमुन्यास कारखान्याच्या पातळीवर लागते. पुढें ती गाडी साताऱ्यास एम. एच. ११, सांगलीस एम. एच. १० किंवा कऱ्हाडास एम. एच. ५० या खुणेनें नोंदली जाते, व खाजगी गाडी असल्यास ती नोंदणी १५ वर्षें चालते. रिक्षा किंवा मालमोटार यांस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनीं व नंतर दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खाजगी मोटार-सायकलीस तशी तपासणी पंधरा वर्षें होईपर्यंत नाहीं. मध्यंतरीं जो ‘पी. यू. सी.’चा दाखला घ्यावा लागतो, त्यासाठीं पेट्रोल पंपाजवळच्या केंद्रांत नळीच्या तोंडाशीं शलाका धरून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचें प्रमाण पाहतात. तीच नळी त्या वेळीं कितीही गर्जना करीत असली तरी तिची नोंद कोठेंही होत नाहीं. गाडी कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष ठरून दाखला घेऊन बाहेर पडते, आणि शेजाऱ्यांची झोंप मोडावयास मोकळी होते.

या झोंपेस कोणी क्षुल्लक समजूं नये. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला व १९६० पासून सांगली या नांवानें ओळखला जाणारा जो जिल्हा, त्यांतील मिरज शहराचेंच उदाहरण घ्या. डॉक्टर विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें, व तेव्हांपासून दूरदूरचे रोगी मिरजेस येत आले आहेत. त्याच गांवीं सतार व तंबोरे करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आपली कला राखून आहेत; त्यांच्या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. उस्ताद अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य तेथेंच होतें, व १९३७ सालीं निधन पावल्यावर त्यांस चिरविश्रांतीही मिरजेंतील दर्ग्याच्या आवारांतच लाभली. घोडीवर जवारी काढतांना जो कारागीर तारेच्या गुंजनांतील केंसाएवढा फरक कान लावून ऐकतो, त्याच्या दुकानावरून अशी गाडी गेली म्हणजे त्याचें काम थांबतें. रुग्णालयाच्या खिडकीखालून ती गेली म्हणजे काय होतें, हें रोग्याच्या उशाशीं रात्र काढलेल्या माणसास विचारावें. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रांत दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल, अशी मर्यादा सन २००० च्या नियमांनीं घालून दिली आहे. एकच मोकळी नळी ती धुळीस मिळविते.

साताऱ्याकडेही निराळी गोष्ट नाहीं. कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें, व फुलांच्या हंगामांत यवतेश्वराच्या घाटानें वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागूं लागली. घाटांत आवाज डोंगरास आपटून दुप्पट भासतो. जेथें मनुष्य पांखरांचा शब्द व वाऱ्याची झुळूक अनुभवण्यास जातो, तेथें चौकांतला गोंगाट बरोबर नेण्यांत कोणतें सुख आहे?

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचाही विचार केला पाहिजे. मोठ्या आवाजामुळें समोरचा मनुष्य सावध होतो व अपघात टळतो, असें कांहीं स्वार म्हणतात. परंतु नळीचें तोंड मागें असतें, आणि स्वारास भय असतें तें बहुधा समोरून किंवा आडव्या रस्त्यानें येणाऱ्याचें. त्यास सावध करण्यासाठीं भोंगा आहे. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागतो, तो दुरून दिसावी याच हेतूनें. दुसरा आक्षेप असा कीं, मिरवणुकींतले ध्वनिवर्धक व मालमोटारींचे कर्णे यांपुढें फटफटीची काय कथा? हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून कर्णेही आवरावेत एवढेंच सिद्ध होतें. एका उपद्रवानें दुसऱ्यास परवाना मिळत नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांस विचारार्ह वाटतो. खेड्यांतून दुधाच्या किटल्या लादून पहांटे शहराकडे येणाऱ्या गरीब माणसाची गाडी जुनी असते, सायलेन्सर गंजून त्यास भोंक पडलेलें असतें. त्यास हौशी तरुणाच्या पंक्तीस बसवून दंड करणें हा अन्याय होईल. म्हणून झिजलेला सायलेन्सर व मुद्दाम बदललेला सायलेन्सर यांत भेद करावा. पहिल्यास दंड न करितां दुरुस्तीसाठीं मुदत द्यावी. दुसऱ्यास मूळ नळी बसवून आणीपर्यंत दाखला देऊं नये.

पुणें, नागपूर अशा शहरांत पोलिसांनीं जप्त केलेल्या नळ्यांवर रोड-रोलर फिरविल्याचीं चित्रें आपण पाहिलीं आहेत. त्या कारवाईची दहशत बसते यांत संशय नाहीं. तथापि ती प्रसंगोपात्त होते, व मोहीम संपतांच ठेवून दिलेली दुसरी नळी बाहेर निघते. नियमित तपासणीस पर्याय नाहीं. ग्रेट ब्रिटनमध्यें मोटार-सायकलीस तीन वर्षें झालीं कीं दरवर्षीं परीक्षा द्यावी लागते, व तिचा आवाज मूळ सायलेन्सर असलेल्या तशाच गाडीहून अवाजवी मोठा आढळल्यास ती नापास होते. जपानांत २५० घनसेंटिमीटरहून मोठ्या गाड्यांच्या ठराविक मुदतीच्या तपासणींत आवाजाचें मापनही असतें. जर्मनींत तर गाडी उभी असतां तिचा आवाज किती असावा तो आंकडाच नोंदणीपत्रावर छापलेला असतो.

आपल्याकडेही हें अशक्य नाहीं. उभ्या गाडीचा आवाज नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनांत यंत्र धरून मोजण्याची भारतीय मानक पद्धति ठरलेली आहे. धुराच्या तपासणीबरोबरच ती केंद्रावर करावी. प्रत्येक नमुन्याचा मूळ आंकडा नोंदणीपत्रावर छापावा, म्हणजे वाद उरणार नाहीं. आणि रस्त्यावर वापरण्यास अयोग्य अशा नळ्या विकणाऱ्या व बसविणाऱ्या दुकानांसही जबाबदार धरावें. नळी विकणारा मोकळा व लावणारा मुलगा तेवढा गुन्हेगार, हा न्याय अपुरा आहे.

शेवटीं दोन शब्द पालकांस व विद्यार्थ्यांस. गाडी बहुधा वडिलांच्या पैशानें येते, व नळी बदलण्याचे पैसेही पुष्कळदां त्याच खिशांतून जातात. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं गाडी देऊन त्यानें गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, हेंही ध्यानांत असावें. परंतु कैदेच्या भयापेक्षां घरची नजर अधिक उपयोगी पडते. गाडी दारांत उभी असतां तिच्या नळीकडे एकदां वांकून पाहण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाहीं.

आणि मुलांनो, तुम्हांपैकीं पुष्कळांस चार-दोन वर्षांत गाडी मिळेल. ती जोमदार असावी, स्वच्छ असावी, तिचे ब्रेक व दिवे उत्तम असावेत. परंतु आपण आलों हें सबंध पेठेस कळविण्याची हौस धरूं नका. त्या पेठेंत कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, कोणी तान्ह्या मुलास निजवीत असेल, कोणी आजारी असेल. त्यांस न उठवितां जो घरीं पोंचतो, तोच स्वार शहाणा म्हणावा.