दिव्यापुढे अंधार
जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांनो, हात जोडतो, पण जुन्या दिव्यात एल.ई.डी. बल्ब कोंबू नका! १९६२ ते १९८० पर्यंत निघालेली ब्रिटिश एम.जी.बी.च घ्या. तिच्या सात इंची गोल दिव्यातला आरसा तारेच्या उजेडासाठी घडवलेला. त्यात भलताच बल्ब घातला, की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत! गळीत हंगामात राधानगरी रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली पुढे असली, तर तो बिचारा सरळ उसात.

उजेड हवाय ना? मग रिले बसवा, जाड वायर ओढा, हॅलोजनचा पुरा संच लावा, झोत खाली करा. खालच्या झोताला ५५ वॅट पुष्कळ झाले. पांढरा रस्सा पाहुण्याच्या वाटीत वाढायचा असतो, डोळ्यांत नव्हे. एवढं तर कोल्हापूरकराला कळतंच की!