अँटीक रायफल आणि लायसन

"शंभर वर्षं जुनी रायफल म्हणजे अँटीक, तिला लायसन कशाला?" असं सर्रास ऐकू येतं. साफ चूक! भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा नुसतं वय बघत नाही; दुरुस्त करूनही गोळी सुटणार नसेल तरच जुन्या हत्याराला सूट. ३०३ ची नळी बदलून ३१५ केली तरी ती बंदूकच. मला हे योग्य वाटतं. जुन्या बंदुकीनेही माणूस मरतोच ना? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला वारशाची धरून दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हा सुट्टीत गावी गेलात की आजोबांच्या बंदुकीचं लायसन आता कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आणि शोभेची म्हणून दुबईच्या सामानात तर मुळीच घालू नका. विनापरवाना शस्त्र इथेही गुन्हाच आहे.