वाहनाची झळाळी आणि श्रावकाचा विवेक



स्मरणिकेच्या पानांवर बाजारभाव, करपद्धती आणि संघटनेचे कार्य या विषयांवर अधिकारी मंडळी लिहीतच असतात. त्यांच्या वाटेला न जाता मी एका घरगुती विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एखादे तरी चारचाकी वाहन उभे असते. ते धुण्यासाठी, त्यास चकाकी आणण्यासाठी आणि त्याचा रंग टिकविण्यासाठी आपण जे साबण, मेण, फडकी आणि ब्रश आणतो, ते कशापासून बनतात याचा विचार आपण क्वचितच करतो. स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येक जिनसाची चौकशी करणारे आपण या डब्यांपुढे मात्र मौन धरतो. ते मौन सोडावे, एवढेच या लेखाचे प्रयोजन.

मलाही ही जाणीव उशिराच झाली. पर्युषण पर्वाच्या आधी घरात साफसफाई चालू असता नातीने गाडी पुसण्याचे पिवळसर, मऊ फडके हाती घेतले आणि विचारले, “आजोबा, हे कापड आहे की कातडे?” मी “कापड” म्हणून मोकळा झालो. तिचे समाधान झाले नाही. चौकशीअंती कळले की ते शॅमॉय होते. युरोपातील डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या, शेळीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचे हे नाव. पूर्वी त्याच्याच कातड्यापासून हे फडके बनत असे. हल्ली ते बहुधा मेंढीच्या कातड्याचे असते आणि माशाच्या तेलाने कमावलेले असते. ज्या गाडीतून आम्ही स्तवनिधीला आणि कुंभोज-बाहुबलीला दर्शनास जात होतो, ती गाडी निघण्यापूर्वी मी कित्येक वर्षे या कातड्याने पुसत आलो होतो! मला कोणी फसविले नव्हते. मी विचारलेच नव्हते, हा दोष माझा.

त्यानंतर मी इतर डब्यांकडे डोळसपणे पाहू लागलो. चकाकीच्या मेणात मधमाश्यांचे मेण मिसळण्याची रीत जुनी आहे; आणि मधाचा त्याग तर आपल्या अष्टमूलगुणांतला. काही पॉलिशांत लाखेचे मेण असते. लाख हा किड्यांचा स्राव, ती काढताना असंख्य जीव प्राणास मुकतात. कातडी आसनांना चोळावयाची काही तेले गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेली असतात. चाकांच्या फटी साफ करण्याचे मऊ ब्रश डुकराच्या केसांचे असू शकतात. आणि ‘नैसर्गिक स्पंज’ म्हणून जो विकला जातो, तो समुद्रातील एका जीवाचा सांगाडा होय. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य आणि दंतवाणिज्य यांचा समावेश आहे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्यांचे विवेचन केले असून दंतवाणिज्यात कातडे, हाडे आणि केस हेही येतात. त्याच यादीत शकटकर्म, म्हणजे गाड्यांचा धंदाही आहे, असे एखादा तरुण हसून सांगेल. त्याला माझे उत्तर असे की, संपूर्ण त्याग साधला नाही म्हणून शक्य तेवढा विवेकही सोडावा, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

सुदैवाने हा विवेक पाळताना गाडीच्या चकाकीत काडीचेही उणे येत नाही. मात्र त्यासाठी रंगाची प्रकृती समजली पाहिजे. अँबॅसेडर आणि फियाटच्या काळात रंग एकाच जातीचा असे. पॉलिश करताना फडक्याला रंग लागे आणि खालून नवा रंग वर येई. आजच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. सारी चकाकी त्या थरात असते आणि तो एकदा झिजला की परत येत नाही. म्हणून पितळी भांडी घासण्याची भुकटी किंवा ब्रासोसारखे धातूचे पॉलिश गाडीच्या अंगाला लावू नये.

आपल्या भागाची हवा या थराची परीक्षाच पाहते. खानापूरच्या बाजूला तांबडी माती, निपाणीकडे काळ्या रानाचा चिखल, हंगामात तंबाखूची धूळ, पुढे उसाच्या ट्रॉल्या, आणि आषाढ-श्रावणात पश्चिमेकडून येणारी झड. धुळीत गारगोटीचे कण असतात. सकाळी उठून गाडी कोरड्या फलालीच्या फडक्याने पुसणे म्हणजे त्या कणांनी रंग खरवडणेच होय. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतांशी याचेच फळ. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची खोडही सोडावी. ती चमक तेलकट असते, धूळ धरते, आणि खिडक्यांचे व दारांचे रबर त्याने फुगून खराब होते.

आता माझ्या पसंतीच्या वस्तू सांगतो. पहिली वस्तू म्हणजे दोन बादल्या आणि गाळलेले पाणी. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. फडके प्रथम साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे, म्हणजे माती परत गाडीवर जात नाही. उन्हाळ्यात राकसकोपची पातळी उतरत असता नळी सोडून गाडी धुणे कोणालाच शोभत नाही. दोन-तीन बादल्या पुरतात. दुसरी वस्तू, गाडीसाठीच बनविलेला सौम्य शाम्पू. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा मेणाचा थर उतरवितात. रिठ्याच्या पाण्याने मी गाडी धुऊन पाहिली. धूळ निघाली, पण डांबराचे ठिपके हलले नाहीत. तिसरी वस्तू, मायक्रोफायबरची चार फडकी. चाकांचे फडके निराळे ठेवावे. हे कापड कृत्रिम धाग्याचे असून कण आपल्या पोटात धरते. मात्र ते प्लॅस्टिकच आहे आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. म्हणून ते वारंवार धुऊ नये आणि जपून वापरावे. पाणी टिपण्यासाठी शॅमॉयऐवजी पीव्हीएचे कृत्रिम फडके मिळते. कूपनलिकेच्या जड पाण्याचे थेंब वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून गाडी सावलीत धुऊन लगेच टिपावी.

चौथी आणि माझ्या सर्वांत आवडीची वस्तू म्हणजे कार्नोबा मेण. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर हे मेण साचते; पाने वाळवून ते झाडून काढतात. वनस्पतिजन्य मेणांत ते अत्यंत कठीण असून सुमारे 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळते, तर मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांनाच. आपल्या वैशाखातल्या तापलेल्या पत्र्यावर कोणते टिकेल, हे सांगावयास नको. फॉर्म्युला वन आणि मेगुआयर्स यांची कार्नोबा नावाची मेणे आपल्याकडे मिळतात. परंतु नावात कार्नोबा आहे म्हणून आत दुसरे मेण नसेलच असे धरू नये, विचारूनच घ्यावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पातळ थर द्यावा. सिरॅमिक लेप वालुकाजन्य असल्याने अहिंसेच्या दृष्टीने निर्दोष आणि अधिक टिकाऊ आहे, पण तो बराच महाग आहे आणि त्यानंतरही धुण्याची काळजी सुटत नाही. माझ्यासारख्या जुन्या माणसाला मेणाचा डबाच पुरे. टायरला पाण्यात मिसळलेला द्राव बाजूला लावावा. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आणि ब्रेकला कधीही नाही. चकाकीपायी तवंदी घाटात गाडी घसरावी, असे कोणाला वाटेल?

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. चाके झटपट पांढरी करणाऱ्या काही द्रावांत फ्लोरिनयुक्त आम्ल असते. ते कातडीतून आत जाते आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होते. आपण असे द्राव विकतो, आणि आपल्या गाड्या धुणारी मुले ते उघड्या हातांनी वापरतात. मुंगीला वाट देणाऱ्या समाजाने त्या मुलाच्या हाताकडेही पाहिले पाहिजे. असा द्राव घरात नसावा. दुकानात असलाच तर हातमोजे आणि इशारा यांवाचून तो विकू नये.

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने आपले काम सोपे केले. मेणाच्या डब्यावर असा ठिपका नाही. म्हणून आपल्यापैकी जे मोटारीचे सुटे भाग आणि रंग यांचा व्यापार करतात, त्यांना माझी नम्र सूचना आहे. पुरवठादाराला लेखी विचारावे: मेण कोणते, फडके कशाचे, ब्रशचे केस कोणाचे, द्रावात आम्ल आहे काय. आलेले उत्तर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून फळीवर लावावे. उत्तर न आल्यास तसेही लिहावे. सत्य हेही आपले व्रत आहे आणि व्यापारात त्याला मोल आहे. असे दुकान गिऱ्हाईक विसरत नाही.

आमच्या घरातील ते कातडे आता नाही. गाडी पूर्वीइतकीच चमकते. बोनेटमध्ये तोंड पाहत नात म्हणते, “आजोबा, आता खरी स्वच्छ झाली.” तिच्या त्या शब्दाला पात्र राहण्याची बुद्धी आपणा सर्वांना लाभो.