इंजिनामागचे टेंडर : पत्र्याच्या आगगाडीची जोडी कशावरून जुळवावी?

१/ जळंब स्थानकावर मुख्य मार्गावरची गाडी सोडायची आणि खामगावच्या गाडीत बसायचे, हा बुलढाणा जिल्ह्यातील कित्येक पिढ्यांचा परिपाठ. अंतर जेमतेम १३ किलोमीटर. खामगावच्या कापसासाठी घातलेला हा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. आजचा धागा मात्र खेळण्यातल्या गाडीविषयी आहे. जुन्या पत्र्याच्या डब्यांपुढे कोणते इंजिन आणि कोणते टेंडर जोडावे? उत्तरासाठी आधी खऱ्या गाडीकडे पाहू.

२/ टेंडर म्हणजे वाफेच्या इंजिनामागची कोळशाची आणि पाण्याची गाडी. भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरकडे जाणारा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. एवढ्या लांबच्या धावेला साठा मोठा लागतो, म्हणून टेंडर हवे. आठ-दहा मैलांच्या फाट्याला टँक इंजिन पुरते. त्याचे पाणी आणि कोळसा त्याच्याच अंगावर असतो. थोडक्यात, टेंडर हे गाडीच्या पल्ल्याचे माप आहे.

३/ चावीच्या इंजिनाला ना कोळसा लागतो, ना पाणी. तिथे टेंडर केवळ रूप पुरे करते. म्हणूनच बहुतेक हौशी मंडळी रंगाला रंग लावून मोकळी होतात. माझ्या मते चूक इथूनच सुरू होते. लांब पल्ल्याच्या प्रवासी डब्यांपुढे टेंडरचे इंजिन आणि दोन-चार मालवाघिणींपुढे टँक इंजिन, हा खऱ्या रुळांवरचा विवेक खेळण्यातही टिकायला हवा.

४/ काही टेंडरे कामाचीही असतात. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९३५ पासून टेंडरात विजेवर वाजणारी शिट्टी बसवायला सुरुवात केली. अशा इंजिनामागे दुसरे टेंडर लावले, तर गाडी दिसेल तशीच, पण मुकी होईल.

५/ पहिली कसोटी रुळांच्या रुंदीची. पत्र्याच्या गाड्यांत ‘ओ’ गेज ३२ मिलिमीटर आणि ‘एक’ गेज ४५ मिलिमीटर असते. लायोनेलने १९०६ साली आणलेले ‘स्टँडर्ड’ गेज सुमारे ५४ मिलिमीटर. ही चाके एकमेकांच्या रुळांवर चालत नाहीत. दुसरी कसोटी आकड्याची : टेंडराचा आकडा डब्याच्या कडीत बसतो का, आणि दोन्ही एका उंचीवर आहेत का? तिसरी कसोटी कारागिरीची : पत्र्यावर छापलेल्या चित्राचे डबे आणि हाताने रंगवलेले इंजिन सहसा वेगवेगळ्या किमतीच्या मालातले असतात.

६/ प्रमाणाचा आग्रह मात्र इथे ताणू नये. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तिथल्या गाड्या १:८७ अशा प्रमाणातल्या. त्या शास्त्रात प्रमाण हाच प्राण. पत्र्याच्या खेळण्याचे तसे नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. ब्रिटिश ‘ओ’ गाड्यांच्या प्रमाणाने तिला ३८ मिलिमीटरहून रुंद रूळ लागतील. म्हणजे ३२ मिलिमीटरच्या रुळांवर खामगावची गाडी काटेकोरपणे बसतच नाही. ही गाडी आगगाडीची प्रतिकृती नव्हे. मुलाच्या मनातली आगगाडी आहे.

७/ आता मूळ मुद्दा. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने ठराविक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली. त्यामुळे यंदा इंजिन, पुढच्या वर्षी डबा, त्यानंतर सांधा, अशी भर घालता येऊ लागली. बेजोड गाडी हा या खेळण्याचा दोष नाही. वाढत जाणे हा त्याचा जन्मजात स्वभावच आहे.

८/ हॉर्नबीचे उदाहरण याहून बोलके. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली चावीच्या गाड्या आणल्या. आरंभीच्या गाड्या त्यांच्या मेकॅनोसारख्याच नट-बोल्टांनी जोडलेल्या होत्या. भाग सुटावेत आणि बदलता यावेत, ही सोय निर्मात्यानेच ठेवली होती. मग एखाद्या हिरव्या इंजिनामागे तांबडे टेंडर दिसले, तर त्याला लगेच ‘खोटी जोडी’ का म्हणावे?

९/ यावर संग्राहकांचा आक्षेप असा : विक्रेते हाताला लागेल ते टेंडर जोडून पूर्ण संच म्हणून खपवतात, मग मूळ यादीप्रमाणे जोडी लावण्यात गैर काय? आक्षेप रास्त आहे. फसवणूक उघडी पडलीच पाहिजे. सुटे टेंडर त्याच्या खऱ्या इंजिनाकडे परत जात असेल, तर आनंदच आहे.

१०/ पण दोन गोष्टी करू नयेत. जोडी जुळावी म्हणून जुना रंग खरवडून नवा देऊ नये; आकडा पुन्हा बदलता येतो, गेलेला रंग परत येत नाही. आणि एका घरात वर्षानुवर्षे एकत्र धावलेली बेजोड गाडी केवळ यादीत बसत नाही म्हणून फोडू नये. कारखान्याची यादी काय विकले गेले ते सांगते. घरातली गाडी काय परवडले, काय मोडले आणि त्याजागी काय आले, ते सांगते. हा दुसरा इतिहास कुठल्याच यादीत छापलेला नसतो.

११/ गाडी फोडली की पुढे काय होते, हे सांगायला नको. इंजिनाला गिऱ्हाईक मिळते; टेंडर आणि डबे वजनावर भंगारात जातात. म्हणून विनंती एवढीच : माळ्यावरच्या पेटीत पत्र्याची गाडी सापडली, तर ती आहे त्याच क्रमाने मांडून आधी छायाचित्र घ्या. कोणी आणली, कोण खेळले, कोणता डबा नंतर आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद त्याच पेटीत ठेवा. योग्य टेंडर उद्याही शोधता येईल. सांगणारी माणसे उद्या असतीलच असे नाही.