हसता कशाला?



२८ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राजधानीतून जगाला सांगण्यात आले की पाच कोटी डॉलरचे कंडोम गाझाला निघाले होते, ते वेळीच अडवले. जग हसले. आपल्याकडचे लोकही हसले. मोबाइलवर तोच विनोद फिरू लागला. अमेरिकेची परदेशी मदत एका सहीने गोठवली गेली याचा संताप तुम्हा-आम्हाला आहेच, तो इथे पुन्हा उगाळत नाही. हे पत्रक त्या हसण्याविरुद्ध आहे. गरिबाच्या औषधपाण्यावर कात्री चालवायची तर आधी लोकांना हसवून घ्यावे लागते. आणि ‘कंडोम’ म्हटले की लोक हसतात, हे कात्रीवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

आधी हिशेब. सरकारे घाऊक भावाने घेतात तो कंडोम साधारण तीन सेंटला, म्हणजे अडीच रुपयांच्या आसपास पडतो. पाच कोटी डॉलरमध्ये असे दीडशे कोटींहून जास्त येतील. गाझा पट्टीची वस्ती सुमारे एकवीस लाख. तान्ह्या बाळांसकट माणशी सातशेहून अधिक! चौथीतल्या पोराने भागाकार करून ही थाप पकडली असती. २०२३च्या आर्थिक वर्षात अमेरिकी मदतीतून साऱ्या जगाला मिळून जी गर्भनिरोधके आणि कंडोम गेले, त्यांची किंमत ६ कोटी ८ लाख डॉलर होती. त्यात निव्वळ कंडोमचे एक कोटीसुद्धा नव्हते.

गाझा नावाचा आणखी एक मुलूख आहे. तो मोझांबिकमध्ये, लिंपोपो नदीच्या काठी आहे आणि शाई-शाई हे त्याचे मुख्य शहर. त्या प्रांतात अमेरिकी पैसा खरोखर जात होता, तो एचआयव्ही आणि क्षयाच्या रुग्णसेवेसाठी. २०१५च्या पाहणीत तिथल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर माणसांत चोवीस जण एचआयव्हीबाधित निघाले. भारतात हे प्रमाण ०.२ टक्के आहे. जिथे दर चार प्रौढांतला जवळपास एक बाधित निघाला, त्या प्रांताचे नाव आपण विनोदात ऐकले आणि नकाशा उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही.

इतकी लागण तिथेच का? सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्या प्रांतातले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत मजुरीला जातात. कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी यायचा, तसा तो नाताळाला घरी येतो. मधले महिने पुरुषांच्या बराकीत. बायको त्याच प्रांतातल्या चोक्वेच्या शेतात राबते, सासू सांभाळते, वाट पाहते. तिने कोणते शील मोडले? आणि तरीही आमचे सद्गृहस्थ तिला शिकवायला निघतात की संयम पाळा, कंडोमची गरजच पडणार नाही. ती संयमच पाळत होती. आजार तिच्या घरी लग्नाच्या नवऱ्याबरोबर आला.

संयमाच्या शिकवणीवर पैसा कमी पडला असे तरी कोणी म्हणू नये. २००३च्या अमेरिकी कायद्याने प्रतिबंधाच्या निधीतला तिसरा हिस्सा ‘लग्नापर्यंत ब्रह्मचर्य’ शिकवण्यासाठी बांधूनच ठेवला होता. दहा वर्षांत संयम आणि एकनिष्ठेच्या प्रचारावर १४० कोटी डॉलर गेले. २०१६ साली संशोधकांनी आफ्रिकेतल्या देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा लोकांच्या वागण्यात त्याने काही फरक पडल्याचे दिसले नाही. त्या पैशावर मात्र कोणी हसले नाही. उधळपट्टी म्हणायची तर ही म्हणा! उलट, १९९० पासून कंडोमच्या वाढत्या वापराने ११ कोटी ७० लाख नव्या लागणी टळल्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचा अंदाज आहे. २०११च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता.

काही जण शांतपणे विचारतात, आता एचआयव्हीवर उपचाराच्या गोळ्या आहेत, मग कंडोम कशाला? प्रश्न रास्त आहे, उत्तरही सोपे आहे. गोळ्या आता स्वस्त झाल्या, वर्षाला ४५ डॉलरच्या आत मिळतात. पण त्या रोज आणि जन्मभर घ्याव्या लागतात. आठवड्याला दोन कंडोम वापरले तर वर्षाचा खर्च तीन डॉलर. लागण झाल्यावरच पैसे द्यायचे हा शहाणपणा कुठला? आणि नेमके तेच झाले. १ फेब्रुवारी २०२५ला एचआयव्हीच्या कामाला मदतबंदीतून जी सूट मिळाली, तिच्यात उपचार आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणे एवढेच बसत होते. लागण होऊ न देणारी गोळी फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाच. बाकीच्यांनी काय करायचे? चोक्वेची ती बाई आधी गरोदर राहिली पाहिजे, मग तिच्या जिवाला किंमत येणार. असला नियम लिहिणाऱ्या हाताला लाज वाटायला हवी होती.

‘ते परके, दूरचे, आपल्याला काय?’ असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगतो की १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता. आणि आज आपल्या नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला तयार झालेले कंडोम आफ्रिकेत जातात. या हसण्याची किंमतही आपल्याला परकी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला न्यायालयात उभे राहिले. शंभर वर्षे होऊन गेली तरी आपण अजून तोंडाला पदर लावून खिदळतो आहोत.

तेव्हा, वाचकहो, दोन कामे करा. तो विनोद तुमच्या गटात पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला हा हिशेब पाठवा. आणि आपल्या खासदाराला एक पोस्टकार्ड लिहा: भारतात बनलेल्या कंडोमची एक खेप भारत सरकारने स्वतःच्या खर्चाने मोझांबिकच्या गाझा प्रांताला पाठवावी. कार्डावर ‘कंडोम’ हा शब्द स्वच्छ अक्षरात लिहा आणि खाली आपले पूर्ण नाव घाला.