तट कीं तळें?

किल्ल्यांचा विषय निघाला कीं आमच्या वक्त्यांची वाणी बुरुजावर चढते आणि तेथून खालीं उतरावयास तयार नसते. तटाची उंची, खंदकाची रुंदी, दरवाजाचे खिळे, तोफांचीं तोंडें यांचें वर्णन ऐकून श्रोत्यांचे बाहु स्फुरण पावतात. परंतु त्या तटाआड कोंडलेल्या शिबंदीनें खाल्लें काय आणि पाणी कोठचें प्यालें, हा प्रश्न सभेंत कोणी विचारीत नाहीं. ही दुर्गभक्ति नव्हे, ही दगडपूजा होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तट शत्रूला बाहेर ठेवतो हें खरें. पण शेत, ओढा आणि बाजार हींही तो बाहेरच ठेवतो. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीस वेढा दिला, तेव्हां रामदेवराव यादवाचा गड कांहीं ढांसळला नव्हता. धान्याचीं म्हणून घाईघाईनें आंत घेतलेलीं पोतीं मिठाचीं निघालीं आणि राजाला तह करावा लागला, असें फिरिस्ता सांगतो. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिचें मर्म खोटें नाहीं.

आमच्या पूर्वजांस हें मर्म ठाऊक होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सुमारें १७१५ सालच्या ‘आज्ञापत्रां’त गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, तें नसून स्थळ सोडतां येत नसेल तर खडक फोडून टांकीं करावीं, असा दंडक आहे. एका झऱ्यावर विसंबूं नये, कारण तोफांच्या दणक्यानें झरे आटतात, असेंही तेथें बजावलें आहे. शिवाय एकच दरवाजा असणें हा गडाचा दोष मानून दोनतीन दरवाजे व चोरदिंड्या ठेवावयास सांगितलें आहे. दरवाजा वाढला कीं तट तितका दुबळा होतो, हें अमात्यांस कळत नव्हतें काय? कळत होतें, पण बाहेरचा मार्ग तुटलेला गड आपल्याच माणसांचा तुरुंग होतो, हेंही त्यांस कळत होतें.

गंमत अशी कीं, व्याख्याता विसरतो तो हिशेब हल्लींचीं मुलें खेळतांना करतात. सिड मायर व ब्रूस शेली यांचा १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरील खेळ पाळीपाळीनें चालावयाचा आहे. त्यांत एका नगरांत एका वेळीं एकच काम काढतां येतें: कोट घाला, नाहीं तर कोठार बांधा. नुसता कोट घालणाराचें नगर खुंटतें. नुसतें कोठार भरणाराचें नगर दुसराच कोणी घेऊन जातो. घरोघरचे वडील ज्याला वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांत विवेकाचा हा एक धडा तरी आहे.

आतां आमच्या भंडारा जिल्ह्याकडे पाहूं. पवनीला तीन बाजूंस तट व खंदक, आणि चौथ्या बाजूस वैनगंगा. जी नदी शत्रूला अडविते तीच गांवाला पाणी देते. तट आणि तळें यांचा मेळ याहून सुरेख कोठें पाहावयाचा? उलट तुमसरजवळचा आंबागड पाहा. देवगडच्या बख्त बुलंदाच्या अमलांत, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणानें तो बांधला. पुढें भोंसल्यांच्या काळांत त्याचा तुरुंग झाला, आणि कैद्यांना तेथल्या विहिरीचें सांचलेलें विषारी पाणी पाजून मारीत, असें सांगतात. तट तोच राहिला. पाणी नासतांच गडाचा अर्थ पालटला.

यावर आक्षेप येईल कीं, तळें राखावयासही तट लागतोच; पेंढाऱ्यांच्या काळीं उघड्या गांवांची काय दशा झाली? आक्षेप रास्त आहे. तट पाडा असें आम्ही म्हणतच नाहीं. आमचें भांडण तटाशीं नाहीं, पारडें एकाच बाजूस झुकविणाऱ्या दृष्टीशीं आहे. हा जिल्हा तळ्यांचा म्हणून ओळखला जातो. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तळ्यांवर येथील धान पिकला, आणि त्या धानावरच गडांची शिबंदी पोसली गेली. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तळीं सरकारकडे आलीं; ती प्रथा गेल्याचें दुःख आम्हांस नाहीं, पण तिच्याबरोबर गांवाची देखरेखही सुटली आणि कित्येक तळीं गाळानें भरत गेलीं. त्या गाळासाठीं मात्र कोणी व्याख्यान देत नाहीं, मिरवणूकही काढीत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गडाच्या डागडुजीला हात घालणारांनीं पहिली कुदळ गडावरच्या टांक्यांत व विहिरींत मारावी, आणि मग बुरुजाचा चिरा बसवावा. मुलांना किल्ला दाखविणाऱ्या शिक्षकानें तोफेआधीं कोठार दाखवावें. आणि ज्यांस भंडाऱ्याच्या पराक्रमाचा अभिमान मिरवावयाचा आहे, त्यांनीं येत्या उन्हाळ्यांत आपल्या गांवच्या तळ्याचा गाळ किती निघाला, तेवढा आंकडा सभेंत सांगावा. बुरुजांचें वर्णन आम्ही त्यानंतर आनंदानें ऐकूं.