केसुड्याचं पाणी जंगली, आणि विलायती फुलांचं सरबत भारी?



गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका घरी केळवणाला गेलो होतो. यजमानांची मुलगी इंग्लंडला असते. तिनं आणलेल्या बाटलीतून सगळ्यांना छोट्या ग्लासात सरबत मिळालं. नाव एल्डरफ्लॉवर. "काय क्लास चव आहे!" असं जो तो म्हणाला. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? चौकशी केली तर कळलं, तिकडे कुंपणाच्या कडेला एक झाड वाढतं. जूनच्या सुमारास त्याला पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके येतात. घरोघरी ते तोडून साखर-लिंबाच्या पाण्यात दिवसभर मुरवतात आणि गाळून ठेवतात.

मी म्हटलं, "म्हणजे आपलं केसुड्याचं पाणीच की!"

एक ताई हसून म्हणाल्या, "काका, ते जंगलातल्या लोकांचं. आपण कुठे पितो?"

त्या वाक्यासाठी ही पोस्ट.

केसुडा म्हणजे आपला पळस. एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. होऊन मी बँकेत लागलो आणि काही वर्षं छोटा उदेपूरकडच्या शाखेत होतो. फाल्गुनात वसुलीला निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं गळालेली झाडं नुसती पेटलेली दिसायची. त्याच भागातल्या बायका होळीच्या आधी टोपल्या घेऊन बडोद्याला यायच्या. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई त्यांच्याकडून फुलं घ्यायची. आपण पीत नव्हतो, हे साफ खोटं आहे. पीत होतो, नंतर लाज वाटायला लागली.

आता नेहमीच्या सबबी बघू.

"वेळ कुठे आहे?" दोन ओंजळी ताजी फुलं घ्यायची. देठाकडची काळी मखमली टोपी काढून फक्त पाकळ्या ठेवायच्या, दोनदा धुवायच्या. रात्री लिटरभर पिण्याच्या पाण्यात भिजवून झाकून ठेवायच्या. सकाळी फडक्यानं गाळून खडीसाखर, लिंबू, चिमूटभर सैंधव. चव किंचित तुरट, म्हणून लिंबू सढळ हातानं पिळा. त्याच दिवशी संपवा. हाताचं काम पंधरा मिनिटांचं. बाकीचं काम रात्र करते.

"स्वच्छतेचं काय?" मुद्दा रास्त आहे. धुळीच्या रस्त्यावरची फुलं घेऊ नका. रंग खेळायला म्हणून विकतात ती सुकी फुलं पिण्यासाठी वापरू नका. पण मग बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचा. परवा भिंग घेऊन एका गुलाबाच्या सरबताचं लेबल वाचलं. साखर, पाणी, आम्ल, रंग, सुगंध. गुलाब चित्रात होता.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. पळसाच्या पाण्यानं अमुक रोग बरा, तमुक रोग पळाला, असे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. हे उन्हाळ्यातलं पेय आहे, औषध नव्हे. गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि माझ्यासारख्या मधुमेह्यांनी खडीसाखर विसरावी. चांगल्या गोष्टीला खोट्या दाव्यांचं तारण लागत नाही.

हे सगळं मी कोणत्या तोंडानं सांगतोय, तेही सांगतो.

1978 ची धुळवड. आमचे मॅनेजरसाहेब पहिल्यांदाच घरी येणार होते. आईनं आदल्या रात्री कल्हईच्या पातेल्यात फुलं भिजवली होती. सकाळी ती गाळलेलं पाणी घेऊन बाहेर आली, साखर-लिंबू घालायचं बाकी होतं. मी दारातच अडवलं. "आई, हे आत ने. साहेबांसाठी बाटल्या मागवल्यात." बाटल्यांमधलं पेयही नारिंगीच होतं. आई काही बोलली नाही. पातेलं आत घेऊन गेली आणि ते पाणी मुलांच्या अंघोळीच्या बादलीत ओतलं.

त्यानंतर ती होती तोवर दर होळीला केसुडा घरात आला, पण फक्त मुलांच्या अंघोळीसाठी. आईनं पुन्हा कधी प्यायला दिला नाही. मीही कधी मागितला नाही. आता मागायला ती नाही.

म्हणून त्या ताईंवर माझा राग नाही. त्यांच्या आधी तेच वाक्य मी बोललो होतो, तेही आईला.

आपण महाराष्ट्र मंडळात परंपरेवर भाषणं ठोकतो, आणि चैत्रगौरीचं पन्हंसुद्धा पाकिटातून काढतो. सोवळं नको, सोहळा नको. येत्या फाल्गुनात एक रात्र दोन ओंजळी फुलं भिजवा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर प्रमाण त्यांना विचारा. विचारल्यानं त्यांना काय वाटेल, ते मी लिहून सांगू शकत नाही.

तुमच्या घरी कुणी करत असे का? कसं करत? खाली लिहा. वाद घालायचा असेल तरी या. सरबत माझ्याकडून.